पानिपत टेबलावर : मोठ्या लढाईच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५
आज ठरलं. येत्या पौषात पुण्यात पानिपतची तिसरी लढाई टेबलावर मांडायची, दोन दिवस खेळायची आणि छोट्या शिपाई-आकृत्यांची संख्या बावीस हजारांच्या पुढे न्यायची.

हा आकडा हवेतला नाही. जून २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या पुढाकाराने तिथल्या केल्विन हॉलमध्ये वॉटर्लूची लढाई अशीच मांडली होती. २८ मिलिमीटरचे बावीस हजारांहून जास्त रंगवलेले शिपाई, शंभराहून अधिक खेळाडू, आणि त्यातून माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या 'वॉटर्लू अनकव्हर्ड' या संस्थेला मदत. ते फोटो पाहिल्यापासून डोक्यात एकच होतं: वॉटर्लूवर हे होतं, तर १४ जानेवारी १७६१ वर का नाही? पुण्यात त्या एका दिवसावर अजूनही घराघरांत वाद होतात. मल्हारराव का निघून गेले, भाऊ हत्तीवरून का उतरले, विंचूरकर आणि गायकवाडांनी गोल, म्हणजे मराठ्यांची चौफेर बांधलेली रचना, का फोडला. वाद करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती दहा-बारा किलोमीटरची रांग प्रमाणात मांडलेली पाहिली आहे. ती एकदा सगळ्यांनी मिळून पाहायची आहे.

२२ जून
प्रमाण ठरवायला अख्खा रविवार गेला, आणि तो जायलाच हवा होता.

काशीराज पंडित अब्दालीच्या बाजूने लढलेल्या शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि लढाई त्याने जवळून पाहिली. त्याचे आकडे घेतले तर मराठ्यांचं घोडदळ ५५,००० आणि पायदळ १५,०००, अब्दालीचं घोडदळ ४२,००० आणि पायदळ ३८,०००. म्हणजे दीड लाख. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी छाननी करून मराठे ४५,००० आणि अब्दालीची बाजू ६०,००० अशी बेरीज मांडली. एका आकृतीला पाच माणसं धरली तर काशीराजाच्या हिशेबाने तीस हजार आकृत्या लागतात, सरकारांच्या हिशेबाने एकवीस हजार.

काशीराजाला धरलं की ग्लासगोचा आकडा, म्हणजे आमच्या दृष्टीने विक्रम, आपोआप पार होतो. दोघा-तिघांनी तसं सुचवलं. मी विरोध केला आणि शेवटी सगळ्यांना पटलं. आपल्याला जो आकडा जास्त खरा वाटतो तोच टेबलावर ठेवायचा, विक्रमाचं काय ते नंतर बघू. तेव्हा सरकारांचे आकडे, एकास पाच.

आकृत्या ६ मिलिमीटरच्या. २८ मिलिमीटरमध्ये एवढे शिपाई रंगवायला आमच्याकडे माणसं नाहीत आणि ठेवायला जागाही नाही. ग्लासगोच्या शिपायांशी आमच्या शिपायांची उंचीत बरोबरी होणार नाही, हे पहिल्या दिवसापासून सगळीकडे स्पष्ट लिहायचं.

१३ जुलै
पहिले नमुने आले. आमच्यातल्या एकाने संगणकावर मराठा स्वार घडवला आहे. पागोटं, भाला, पाठीला ढाल, घोड्याची मान खाली. मान खाली ठेवायची हे त्याने स्वतःच ठरवलं. अडीच महिने वेढ्यात राहिलेलं घोडं मान वर करून उभं राहत नाही, असं तो म्हणाला. अफगाण घोड्यांच्या माना वर आहेत. सहा मिलिमीटरच्या आकृतीत एवढा फरक दिसेल का, अशी शंका होती. हातभर अंतरावरून स्पष्ट दिसतो.

रेझिन प्रिंटरचा एक गुण कामी येतोय: छपाईचा वेळ उंचीवर ठरतो, नगावर नाही. प्लेटवर एक स्वार असो की शंभर, वेळ तेवढाच. म्हणून प्लेट गच्च भरायची. स्वार तिघा-तिघांच्या पट्टीत, मराठ्यांचे बंदूकधारी गारदी आणि अब्दालीच्या बाजूचे रोहिले सहा-सहांच्या पट्टीत. छापून झालं की अल्कोहोलमध्ये धुणे, मग अतिनील दिव्याखाली कडक करणे. हे काम गच्चीवर, हातमोजे घालून. घरात मुलं आहेत तिथे रेझिन उघडायचं नाही, हा नियम पक्का.

३ ऑगस्ट
पावसाने रंगकाम थांबवलं. दमट हवेत प्रायमरचा फवारा मारला की आकृतीवर पांढुरकी साय धरते आणि बारकावे बुजतात. सिंहगड रस्त्यावरच्या मंडळींनी फवारा सोडून ब्रशने प्रायमर लावायला घेतला आहे. वेळ जास्त जातो, पण काम स्वच्छ होतं.

रंगाची पद्धत ठरली. काळा प्रायमर, त्यावर कोरड्या ब्रशने फिकट रंग, मग पातळ तपकिरी रंगाचा वॉश, शेवटी पागोट्यांना ठिपके. मराठा स्वारांना गणवेश नव्हता, त्यामुळे एका पट्टीत दोन पागोटी एका रंगाची आली तरी चालेल, पण सगळी पट्टी एकसारखी दिसता कामा नये. गारद्यांच्या रांगा मात्र मुद्दाम सारख्या. त्यांची शिस्त रंगातून दिसली पाहिजे.

२४ ऑगस्ट
जागा मिळाली! मंगल कार्यालय, १० आणि ११ जानेवारी. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे व्यवस्थापकांनी निम्म्या भाड्यात दोन दिवस आणि आदल्या दिवशीची संध्याकाळ दिली. १४ तारीखच हवी असा काहींचा आग्रह होता, पण ती बुधवारी येते. १७६१ सालीही बुधवारच होता, पण कामधंदा सोडून चाळीस खेळाडू कुठून आणायचे?

आता टेबल. जमिनीचं प्रमाण एक मीटरला एक किलोमीटर. बारा किलोमीटरची आघाडी म्हणजे बारा मीटर लांबी, त्याला अडचण नाही. अडचण रुंदीची आहे. माणसाचा हात फार तर साठ-सत्तर सेंटिमीटर आत पोचतो. त्याहून रुंद टेबल केलं की मधले शिपाई कुणाच्याच हाताला लागत नाहीत, आणि मग कुणीतरी टेबलावर ओणवं होतं आणि कोपराने अख्खी पागा आडवी करतं. म्हणून प्रत्येकी एक मीटर वीस सेंटिमीटर रुंदीचे तीन पट्टे, मध्ये माणूस चालेल एवढी वाट. वाट म्हणजे नकाशात काहीच नाही. एका पट्ट्याच्या काठावरून शिपायांचा ट्रे उचलायचा आणि पुढच्याच्या काठावर ठेवायचा.

कार्यालयाची जेवणाची टेबलं आहेत, त्यांवर प्लायवूड टाकायचं. टेबलांच्या उंचीत बोटभर फरक आहे, पाचरी लागतील.

२१ सप्टेंबर
गणपती आटोपले आणि नियमांची बैठक झाली. आजवरची सगळ्यात चांगली बैठक.

बाजारात मिळणारे तयार नियम चाळले. नेपोलियनच्या युद्धांसाठी ते उत्तम आहेत, पण पानिपतचा गाभा त्यांत बसत नाही. आमच्या मते तो गाभा उपासमार आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून मराठे पानिपतला अडकले होते. दिल्लीची वाट अब्दालीने यमुना ओलांडून तोडली होती. डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि अंतर्वेदीतून, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखातून, येणारी रसदही संपली. लढाईच्या सकाळी जे सैन्य उभं राहिलं ते उरलेसुरले दाणे खाऊन, तोंडाला हळद फासून निघालेलं होतं.

हे फाशांत कसं आणायचं? उत्तर सोपं निघालं. प्रत्येक घोडदळाच्या ट्रेबरोबर लाकडी मणी. एक धावा, म्हणजे घोडदौडीचा हल्ला, केला की एक मणी परत. अफगाण ट्रेला चार मणी, मराठ्यांच्या ट्रेला दोन. पहिल्या धाव्याचा जोर दोन्हीकडे सारखाच, मराठ्यांना फाशांवर कसलीही कपात नाही. फक्त दोनदा धावल्यावर घोडं चालतं, धावत नाही.

दुसरा नियम उन्हाचा. मराठे दक्षिणेकडे तोंड करून लढत होते आणि जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. दुपारच्या खेळ्यांत मराठ्यांच्या बंदुकांना एक वजा. यावर एकमत नव्हतं, मतदान घेऊन ठेवला.

एक खेळी म्हणजे अर्धा तास. सकाळी नऊ ते दुपारी चार, एकूण चौदा खेळ्या.

१२ ऑक्टोबर
बुणग्यांचा प्रश्न.

मराठ्यांच्या छावणीत लढणाऱ्यांखेरीज बायका, मुलं, यात्रेकरू, बाजारकरी, नोकरचाकर होते. लाखाच्या आसपास तरी माणसं. भाऊंनी गोलाची लढाई स्वीकारली ती यांच्यासाठीच: मधे ही सगळी माणसं, चहूबाजूंनी फौज, आणि तसंच सरकत अब्दालीच्या फळीतून बाहेर पडायचं. टेबलावर गोल मांडायचा आणि मधे मोकळं प्लायवूड ठेवायचं हे मला कबूल नव्हतं. बुणग्यांशिवाय गोल मांडला की कुणीही विचारतो, मराठे मोकळ्या मैदानात गनिमी कावा का खेळले नाहीत. बुणगे मधे ठेवले की तो प्रश्न उरत नाही.

एकास पाचने एवढी माणसं छापणं शक्य नाही. म्हणून त्यांच्यापुरतं एकास पन्नास. दोन हजार आकृत्या, त्या चिकटवायला शंभर बेस. बैलगाड्या, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं.

आणि जिंकण्याची अटच बदलली. मराठ्यांनी किती मारले याला गुण नाहीत. बुणग्यांचे निम्मे बेस दक्षिण काठावरून बाहेर काढले तर मराठे जिंकले. अब्दालीने ते अडवले तर अब्दाली जिंकला.

विक्रमाच्या हिशेबात बुणगे धरायचे का? लढणारे एकवीस हजारच भरतात, बुणगे धरले तर तेवीस होतात. माझं मत: ते चालतात, वाट अडवतात, पकडले जातात आणि निकाल त्यांच्यावर ठरतो, तेव्हा ते धरायचेच. पण दोन्ही आकडे वेगवेगळे छापायचे.

२६ ऑक्टोबर
दिवाळीचे किल्ले आवरून मुलं मदतीला आली. यांना काहीच शिकवावं लागत नाही. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून चाळून द्यायला सांगितलं तर एकीने विचारलं, "पानिपतला जानेवारीत गवत हिरवं असतं का?" बरोबर प्रश्न. आता भुसा पिवळट खाकी, आणि शेताच्या तुकड्यांपुरता हिरवा.

१६ नोव्हेंबर
रंगीत तालीम, फक्त डावी बगल. इब्राहिमखान गारदी विरुद्ध दुंदेखान आणि हाफिज रहमतखानाचे रोहिले. गारद्यांच्या शेजारी विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड.

बंदुकीचा पल्ला शंभर मीटर धरला तर टेबलावर दहा सेंटिमीटर. हाताच्या पंजापेक्षा कमी. हे अंतर डोळ्यांनी पाहिल्यावर सगळे गप्प झाले. गारद्यांची पहिली झड आणि मागोमाग संगिनींचा हल्ला यांत रोहिल्यांचे सहा ट्रे उडाले. काशीराज लिहितो ते रोहिल्यांचं नुकसान अतिशयोक्त वाटत नाही.

आणि मग शेजारची पागा. विंचूरकर खेळणारे काका इतिहासाचे शिक्षक होते. काय होणार हे त्यांना पाठ होतं. तरी चौथ्या खेळीला त्यांनी धावा केला. समोर रोहिले मोडताहेत, फट पडली आहे, आपले मणी शाबूत आहेत. घोडदळ पुढे गेलं आणि गारद्यांच्या बंदुकांच्या तोंडासमोर आलं. आता गारदी झाडणार कुणावर? काका बराच वेळ ट्रेकडे बघत राहिले. म्हणाले, "मुलांना वर्गात तीस वर्षं सांगितलं की यांनी शिस्त मोडली. इथून बघितलं तर थांबणंच अवघड आहे."

१४ डिसेंबर
सुमारे एकोणीसशे बेस. एकेक बेस हाताने हलवायचा म्हटलं तर चौदा खेळ्या होळीपर्यंत चालतील. म्हणून सहा बेसचा एक ट्रे, पत्र्याचा, बेसखाली चुंबकाची चकती. साधारण सव्वातीनशे ट्रे. चाळीस खेळाडूंत वाटले तर माणशी आठ. आठ ट्रे एका खेळीत माणूस सहज हलवतो.

प्रत्येक ट्रेखाली क्रमांक आणि आकृत्यांची संख्या चिकटवली. मोजणीला आमच्या गटाबाहेरची दोन माणसं साक्षीदार म्हणून येतील, आणि मोजणीचं सलग चित्रीकरण होईल. पुढे कुठेही नोंद करायची तर हे कागद लागतात.

४ जानेवारी २०२६
भूमिका वाटल्या. सगळ्यात जास्त चर्चा सेनापतींच्या जागेवर झाली.

अब्दाली लढाईभर मागे, आपल्या तंबूजवळ होता. राखीव फौज त्याने हातात ठेवली होती. भाऊसाहेब स्वतः मध्यभागी, हुजुरातीबरोबर, म्हणजे आपल्या खास फौजेबरोबर. हा फरक खेळात यायलाच हवा. म्हणून अब्दाली खेळणाऱ्या ताई कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीत बसणार. त्यांना टेबल दिसणार नाही, फक्त चिठ्ठ्या येतील. भाऊ टेबलापाशी उभे, पण त्यांना हाताच्या अंतरावरचंच बघून हुकूम द्यायचा. भाऊंची आकृती एखाद्या ट्रेला जोडून स्वतः लढाईत उतरली, की त्या क्षणापासून त्यांना चिठ्ठी पाठवता येणार नाही.

चिठ्ठ्या नेणारे जासूद म्हणजे किल्ल्यांची मुलं. पंच वाटेत चिठ्ठी एक खेळी रोखू शकतात. पंचाची ही प्रथा जुनी आहे. प्रशियाच्या फौजेत १८२४ च्या सुमारास राइसविट्झच्या युद्धखेळात दोन्ही बाजूंना निरनिराळं कळायचं आणि खरं चित्र फक्त पंचाला माहीत असायचं.

९ जानेवारी
मांडणी. पाचरी पुरल्या. यमुना टेबलाच्या बाहेर, पूर्वेच्या भिंतीवर निळी कागदी पट्टी लावली.

१० जानेवारी
मोजणी सकाळी झाली. एकूण २३,०६४. लढणारे २१,०६४, बुणगे २,०००. दोन्ही साक्षीदारांच्या सह्या झाल्या. फलकावर दोन्ही आकडे सारख्याच टायपात लावले.

बारा मीटरची रांग पहिल्यांदा पूर्ण दिसली. होळकरांच्या टोकाला उभं राहिलं की इब्राहिमखानाच्या टोकाला काय चाललंय ते ओळखू येत नाही. हे नकाशात कधीच कळलं नव्हतं.

पाच खेळ्या झाल्या. तालमीची गोष्ट सगळ्यांना माहीत असल्याने या वेळी विंचूरकर-गायकवाडांनी घोडी आवरली. गारद्यांनी रोहिले मागे रेटले. उजवीकडे अब्दालीच्या बाजूचा नजीबखान रोहिला खंदक-मोर्चे करत इंचाइंचाने सरकतोय आणि शिंदे-होळकर जागेवर.

११ जानेवारी
आठवी खेळी, म्हणजे दुपारचा एक. भाऊंच्या हुजुरातीने वजीर शाहवलीखानाची फळी तिसऱ्यांदा फोडायला घेतली आणि तिथेच कळलं की मणी संपलेत. वजिराचे चार ट्रे उरले होते. आणखी एक धावा मिळाला असता तर मध्य मोकळा होता. भाऊ खेळणारा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो पिशवीत हात घालून बघत होता की चुकून एखादा राहिलाय का.

तिकडे वधूपक्षाच्या खोलीत ताईंकडे वजिराची चिठ्ठी पोचली: "माझ्याकडे माणसं उरली नाहीत." त्यांनी घाई केली नाही. आधी नसकची, म्हणजे शिस्त राखणारे शिपाई, पाठवून पळणारे ट्रे परतवले, आणि पुढच्या खेळीला राखीव फौज दोन भागांत सोडली. मध्यावर उंटांवरच्या झंबुरकांसह, म्हणजे हलक्या तोफांसह, मोठा भाग, बगलेवर लहान. इतिहासात अब्दालीने जवळपास हेच केलं. ताईंनी ते वाचलं होतं का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, समोरचं काही दिसत नसलं की हेच सुचतं.

दहाव्या खेळीला विश्वासरावांवर फासा पडला आणि ते मारले गेले. सभागृहात कुणीही बोललं नाही. भाऊंच्या खेळाडूने आकृती हत्तीवरून काढून घोड्यावर ठेवली आणि ट्रेला जोडली. त्याला नियम माहीत होता. तरी त्याने ते केलं. उजवीकडून होळकरांचा जासूद विचारत आला, "बुणगे कुठल्या बाजूने काढायचे?" उत्तर देणारं कुणी उरलं नव्हतं. होळकरांनी एक खेळी वाट पाहिली आणि मग जवळचे बेस घेऊन नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे निघाले.

चौदाव्या खेळीअखेर बुणग्यांचे शंभरपैकी एकतीस बेस बाहेर पडले होते. निम्म्याला एकोणीस कमी. अब्दालीचा विजय. एकतिसांतले बरेच होळकरांबरोबर गेलेले. टाळ्या वाजल्या, आणि लगेच टेबलाभोवती वाद सुरू झाले, पण या वेळी प्रत्येकाचं बोट एखाद्या ट्रेवर होतं. "तो इथे होता, चिठ्ठी इथवर आली, हे अंतर बघ." हे बघायला आणखी सात महिने लागले असते तरी मला चाललं असतं.

१८ जानेवारी
आवराआवर पूर्ण. दोन बेस गहाळ होते, कार्यालयाच्या झाडूवाल्या मावशींना पायरीखाली सापडले. ट्रे क्रमांकाप्रमाणे खोक्यांत गेले, कोणाकडे कोणती खोकी याची यादी केली. मोजणीचे कागद आणि चित्रीकरण एका ठिकाणी ठेवलं. घोषणेत फक्त एवढंच वाक्य राहील: एका लढाईत, एका मांडणीवर, ६ मिलिमीटरच्या २३,०६४ आकृत्या. ग्लासगोचा उल्लेख आदराने, तुलना नाही.

नियमांत दोन दुरुस्त्या. उन्हाचा नियम काढायचा, त्याने निकालात काही फरक पडला नाही. मण्यांचा नियम ठेवायचा, पण कोणाकडे किती उरले हे समोरच्याला दिसता कामा नये.

पुढचं राक्षसभुवन, ऑगस्ट १७६३. निजामाची फौज गोदावरीने दुभंगलेली असताना माधवरावांनी अलीकडच्या भागाला गाठलं. मराठा घोडदळाचे बेस तसेच चालतील, फक्त माना वर असलेले स्वार नव्याने छापावे लागतील. गोदावरी तीन पट्ट्यांवरून कशी न्यायची हा पहिला प्रश्न. बैठक १ फेब्रुवारीला.